अकरा नंबरच्या खाटेचं पान

ते पान मी लिहून घेतलं. सुशीलानं ते लिहिलं नसतं. तिनं फाइलमधली ती जागा कोरी सोडली होती, आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून, बोलू नये ते बोलून, ते पान तिच्याकडून भरून घेतलं. त्या पानामुळे एक बाई घरी जाता जाता राहिली. आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. एकदोनदा विषय निघाला तेव्हा ‘आमच्या विभागाकडून जरा गफलत झाली’ असं म्हणालो. गफलत विभाग करत नसतो. माणूस करतो. मी केली, आणि ती गफलतही नव्हती.

मार्च लागला की मला राग यायला लागतो. नागपुरातली थंडी कुणाला न सांगता निघून जाते. एका दुपारी स्वेटर अंगावरून खांद्यावर येतो, दुसऱ्या दिवशी तो घरीच राहतो. धरमपेठेत लोक माळ्यावरून कूलर उतरवतात, गंजलेल्या पत्र्याला रंग देतात, ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरतात. कुणीतरी पंप चालतो का ते बघायला पाणी सोडतं आणि गल्लीभर ओल्या वाळ्याचा वास सुटतो. हातगाड्यांवर मृगबहाराची संत्री येतात. कॉलेजांच्या व्हरांड्यात मुलं मांडीवर प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन बसतात, एकमेकांच्या वहीत डोकावतात, स्केलनं समास आखतात. हा मोसम पुष्कळांना आवडतो. मलाही आवडायचा. आता वाळ्याचा वास आला की मला फिनाइल आठवतं, आणि फिनाइलबरोबर तो लांबलचक वॉर्ड.

मी मानसशास्त्र शिकवतो. एम. ए.च्या मुलांना डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोन दिवस मनोरुग्णालयात नेण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. त्याआधी, ऑगस्टात, मी व्यवसायनीतीचे तीन तास घेत असे. ‘रुग्णानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय कुणाच्याही कानावर जाता कामा नये.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे. मुलं ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, त्याला मी मार्क देत असे. डिसेंबरात बस रुग्णालयाच्या फाटकाशी थांबायची तेव्हा ते वाक्य आमच्यापैकी कुणाच्याच बरोबर उतरत नसे.

आमच्याकडचा जुना रोग म्हणजे खोट्या केसेस. मागच्या वर्षीच्या कुणाची तरी फाइल मिळवायची, बाईचा पुरुष करायचा, रामटेकचं उमरेड करायचं, की नवी केस तयार. मला त्याची चीड होती. ते मोडायचं म्हणून मी दोन नियम केले. पहिला: रुग्णाचं नाव बदला, पण वॉर्ड आणि खाटेचा नंबर पहिल्या पानावर खरा लिहा, म्हणजे मला तिथे जाऊन पडताळता येईल. दुसरा: फाइलची एक कार्बन प्रत वॉर्डाच्या ऑफिसात द्या, म्हणजे तिथल्या लोकांना वाटेल की ही पोरं काहीतरी करतात, आणि पुढच्या वर्षीची परवानगी सुखानं मिळेल. दोन्ही नियमांचा मला अभिमान होता. तोंडावरून पदर ओढून घ्यायचा आणि घराचा पत्ता मोठ्यानं सांगायचा, असा तो प्रकार होता. मला तो दिसला नाही. व्यवसायनीतीचे तीन तास घेणाऱ्या माणसाला दिसला नाही.

आणीबाणी उठून तेव्हा वर्ष होत आलं होतं. स्टाफरूममध्ये चहा घेताना आम्ही फार बोलायचो. चौकशीशिवाय माणसं कशी आत टाकली, घरच्यांना कसं कळू दिलं नाही, सहीवाचून कसे लोक अडकून पडले. टेबलावर मुठी आपटायचो. आणि मंगळवारी-शुक्रवारी मी अशा एका वॉर्डात जात होतो जिथे अर्ध्याअधिक बायका बऱ्या होऊनही कुणाच्या तरी सहीवाचून बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल आमच्यापैकी कुणीही मूठ आपटली नाही. मीही नाही.

सुशीलाच्या वाट्याला अकरा नंबरची खाट आली. तिथे शांताबाई होती. दोघींची नावं मी बदलली आहेत, आणि या वेळी खाटेचा नंबरही.

शांताबाई कन्हान नदीपलीकडच्या एका गावची. पस्तिशीची असेल. तिचा नवरा वारला होता. तिला इथे आणून सोडलं ते तिच्या भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं. ‘बरी आहे, घरी न्यावी’ असं डॉक्टरांनी लिहून दीड वर्ष झालं होतं. सख्खा भाऊ तिला न्यायला तयार होता, येऊन भेटून जायचा. पण ज्याच्या अर्जावर बाई आत आली त्याच्याच सहीनं ती बाहेर जाणार, असं ऑफिस म्हणे. खूप विनवण्यांनंतर भासऱ्यानं होळीनंतर येऊन सही करतो असं कबूल केलं होतं. शांताबाई त्या सहीची वाट बघत होती.

वॉर्डामागे कडुलिंबाखाली बायका स्वयंपाकघरासाठी चिंच फोडत बसत. सुशीला तिथे तिच्याजवळ मांडी घालून बसायची. एकदा ती शाईच्या डागांची कार्डं घेऊन बसली होती, मी व्हरांड्यातून बघत होतो.

“काय वं पोट्टे, आज काय आणलं?”

“चित्रं हायेत मावशी. पाहा बरं, यात काय दिसते?”

“शाई सांडली दिसते. कोणाच्या हातून सांडली? धुवाले टाक.”

“दुसरं काही नाही दिसत?”

“दिसते न. तुहा मास्तर दिसून राहिला. कवाचा उभा हाये तिकडं, बसाले सांग त्याले.”

चिंच फोडणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. सुशीलाही तोंडावर हात धरून हसली. मला वाटलं, ही मुलगी गप्पा मारून वेळ काढते आहे. माझ्या डायरीत मी तशी नोंदही केली.

फेब्रुवारीच्या शेवटी फाइली आल्या. सुशीलाच्या फाइलमध्ये ‘आजाराची सुरुवात आणि कारणे’ या शीर्षकाखालचं पान कोरं होतं. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘रुग्णाने सांगितले आहे. लिहिणार नाही.’

मी तिला वर्गात उभं केलं.

“हे काय आहे?”

“सर, त्यांनी कोणाला सांगू नको म्हटलं.”

“म्हणजे तुला माहीत आहे.”

“हो सर.”

“मग लिही.”

“सर, तुम्हीच शिकवलं न, संमतीशिवाय...”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ते हसू मला लागलं. ती बरोबर बोलत होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी चिडलो. मी म्हणालो, “केस खरी असती तर लिहिली असतीस. खोट्या केसची पानं अशीच कोरी राहतात.”

“सर, मी खोटं नाही बोलत.”

सुशीलाच्या आईवडिलांनी छप्पन साली इथे नागपुरात धम्म घेतला होता. ज्या घरात रोज पंचशील म्हटलं जातं, खोटं न बोलण्याचा नेम जिथे रोज नव्यानं घेतला जातो, त्या घरातल्या मुलीला मी चारचौघांत खोटारडी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, “प्रवेशात सवलत घेतलीस, आता कामातही सवलत पाहिजे का?”

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे. ते वाक्य माझ्या तोंडून चुकून निसटलं नव्हतं. ते आधीपासून माझ्या तोंडात होतं, फक्त बाहेर यायला निमित्त हवं होतं. आणि वर्गात कुणी चमकलंसुद्धा नाही. एका मुलानं पेनाचं टोपण लावलं, एकीनं वहीचं पान उलटलं. इतकं ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

सुशीला खाली बसली. दुसऱ्या दिवशी पान भरून आलं.

शांताबाईनं तिला सांगितलं होतं की तिचं वेड सुरुवातीला सोंग होतं. नवरा वारल्यावर भासरा तिच्या खोलीची कडी वाजवायला लागला. सासू ऐकून न ऐकल्यासारखं करी. मग शांताबाईनं अंगात आणलं. केस मोकळे सोडून ती घुमायला लागली की तो दारातूनच मागे फिरे. चार महिने तिनं स्वतःला असं राखलं. शेवटी ‘बयाड झाली’, वेड लागलं म्हणून त्यानं तिला बैलगाडीत घातलं आणि इथे आणलं. इथलं पहिलं वर्ष मात्र खरंच वेड्यासारखं गेलं, असंही तिनं सांगितलं होतं. पानाच्या शेवटी सुशीलानं शांताबाईचं वाक्य तिच्याच बोलीत लिहिलं होतं: ‘हे भासऱ्याले समजलं त तो सही करणार नाही. म्हणून कोणाले सांगजो नोको.’

मी ते शेवटपर्यंत वाचलं. खाली लाल शाईनं ‘उत्तम’ लिहिलं. कार्बन प्रत नेहमीप्रमाणे ऑफिसात गेली.

कुणी म्हणेल, आठवणीत सगळं गडद होतं. नाही. मला ते ‘उत्तम’ नीट आठवतं. त्याच्याखाली मी रेघसुद्धा ओढली होती.

(हे सगळं आता लिहितो आहे ते शांताबाईला विचारून. “लिहा,” ती म्हणाली. “भासरा मेला. आता कोणाचं भेव?”)

मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक सज्जन, सफारीतले, संत्र्यांचे शौकीन. त्यांनी सगळ्या फाइली चाळल्या आणि सुशीलाच्या त्या पानापाशी थांबले. “वा, काय रिच मटेरियल आहे,” म्हणाले आणि त्यातल्या चार ओळी आम्हाला वाचून दाखवल्या. समोर सुशीला उभी होती. तिनं मान वर केली नाही. तोंडी परीक्षेत ती हो-नाहीपलीकडे काही बोलली नाही, तरी प्रॅक्टिकलला ती पहिली आली. मी तिचं अभिनंदन केलं. ती ‘हं’ म्हणाली आणि निघून गेली. नंतर ती विभागात कधी आली नाही. गुणपत्रिकाही तिच्या भावानं नेली.

होळीनंतर हजेरीच्या कागदावर शिक्का घ्यायला मी रुग्णालयात गेलो. ऑफिसातले बडे बाबू सुपारी कातरत होते.

“बसा सर. तुमच्या पोट्टीनं काय लिहिलं हो ते! अकरा नंबरचा भासरा आला होता सहीले. म्हटलं, बाप्पा, तुम्ही त मोठे रंगेल निघाले. वाचूनच दाखवलं त्याले.”

“काहून?” माझ्या तोंडून त्यांच्या बोलीतलाच शब्द निघाला.

“काहून म्हणजे? गंमत. मले काय माहीत तो एवढा तापन म्हणून. पेन टेबलावर आपटला. म्हणे, ही बाई अजून बयाडच हाये, काही बी बकते, राहू द्या इथंच. अन् गेला निघून.”

“आणि ती?”

“ती होती न इथंच उभी. भावानं नवीन लुगडं आणलं होतं, ते नेसून आली होती. दोन नर्स होत्या, भाऊ होता. सगळ्यायसमोरच वाचलं.” त्यांनी शिक्का मारला. “घ्या सर. पुढच्या वर्षी पण याल न?”

मी कागद घेतला आणि बाहेर पडलो. वॉर्ड डाव्या हाताला होता, फाटक उजव्या. मी उजवीकडे वळलो.

मला काही करता आलं नसतं असं नाही. डॉक्टरांना भेटता आलं असतं. रुग्णालयाला भेट देणारी एक समिती होती, तिला अर्ज लिहिता आला असता की सही नाकारणारा माणूस कोण आहे आणि का नाकारतो आहे. त्या वेळी शांताबाईच्या बाजूनं बोलू शकेल असा शिकलेला, चष्मा लावणारा, ऑफिसात खुर्ची मिळणारा माणूस मी एकटा होतो. मी पुढच्या वर्षीच्या परवानगीचा विचार केला. कार्बन प्रतीचा नियम मात्र मी बंद केला, गुपचूप. उघड केला असता तर कारण विचारलं गेलं असतं. पुढच्या ऑगस्टात मी पुन्हा ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दर ऑगस्टात लिहीत राहिलो. सुबक अक्षरात.

लोक म्हणतात, पश्चात्तापानं माणूस मऊ होतो. माझा अनुभव वेगळा आहे. मी खाष्ट झालो. मुलांच्या चुकांवर ओरडायचो, घरी ताटावरून उठायचो. बायको म्हणायची, “मार्च आला वाटतं.” तिला वाटे, पेपर तपासायचा ताण.

या वर्षी मार्चमध्येच एका विद्यार्थिनीनं विचारलं. हुशार, व्यवस्थित मुलगी आहे. फाइल पुढे करून म्हणाली, “सर, नाव बदललं की झालं ना? बाकी सगळं लिहू? मार्क तर त्यालाच असतात.”

तिची काय चूक? तिनं माझी आठ वर्षांची शिकवण एका वाक्यात म्हणून दाखवली होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तास अर्धवट सोडून मी बाहेर आलो, आणि कन्हानची बस पकडली. सुशीला तिथल्या एका शाळेत मराठी शिकवते हे मला पूर्वीच कळलं होतं. कळूनही मी कधी त्या बसमध्ये बसलो नव्हतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. मला तो बघवेना. मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो.

मधली सुट्टी होती. ती व्हरांड्यात वह्या तपासत होती.

“सर? तुम्ही इकडं काहून?”

मी माफी मागितली. वर्गात बोललेलं वाक्य तिच्यापुढे पुन्हा उच्चारून, हे मी बोललो होतो, असं म्हणून. तिनं हातातली वही पूर्ण तपासली, सही केली, बाजूला ठेवली.

“ते वाक्य मी तुमच्या आधी बी ऐकलं सर, नंतर बी ऐकलं. इथं स्टाफरूममध्ये बी ऐकते. तुमच्याकडून ऐकाले मिळेल असं नव्हतं वाटलं, एवढंच.” मग म्हणाली, “मावशीले वाटते मी सांगितलं. मी दोन वेळा गेली होती भेटाले. तिनं तोंड फिरवलं. बरोबरच हाये तिचं. लिहिलं त मीच होतं न. नापास व्हायच्या भेवानं लिहिलं.”

“मी तिला सांगतो की चूक तुझी नव्हती.”

“माही वकिली नका करू.” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “तुम्हाले माफी मागून मोकळं वाटलं असन त वाटू द्या. मले काही नाही पाहिजे. ज्या बाईचं घर गेलं तिच्याकडं जा. अन् तुमचं तुम्ही सांगा, माहं नका सांगू.”

घंटा झाली. तिनं वह्यांचा गठ्ठा उचलला आणि वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेलो. मुलं बरोबर नव्हती, हजेरीचा कागद नव्हता. बडे बाबू निवृत्त झाले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सातआठ बायका लसूण सोलत बसल्या होत्या. शांताबाईचे केस पिकले होते. मी नाव सांगायच्या आत तिनं ओळखलं.

“मास्तर न तुम्ही? त्या पोट्टीचे.”

मी तिच्याजवळ खाली बसलो. आधी मी तेच केलं जे माझ्यासारखे लोक करतात. खिशातून कागद काढला. म्हणालो, समितीला अर्ज लिहून आणलाय, अजून तुमच्या भावाकडे...

“भाऊ मेला,” ती म्हणाली. “त्याच्या पुढच्याच वर्षी. भाऊ होता तवा घर होतं. आता तिथं भावजय हाये, तिचे पोट्टे हायेत. मले कोण वळखते?” तिनं लसणाची साल फुंकरली. “भासरा बी मेला. आता सहीवाला बी नाही अन् घर बी नाही. ठेवा तो कागद.”

मी कागद खिशात घातला. मग हळू आवाजात बोलायला लागलो, तिच्या एकटीच्या कानापुरतं. तिनं मधेच थांबवलं.

“हळू काहून बोलता? तवा त जोरात वाचलं होतं. नर्सा होत्या, बाबू होता, माहा भाऊ खाली मान घालून उभा होता. सगळ्यायनं ऐकलं, अन् सगळ्यायले वाटलं का मी खोटी. माह्या कानात सांगून काय होते? उभे राहा अन् सांगा.”

मी उभा राहिलो. लसूण सोलणाऱ्या बायकांनी वर बघितलं. दारात एक नर्स येऊन थांबली, तिच्यामागे ऑफिसातला नवा कारकून.

मी म्हणालो, “मी मुलामुलींना शिकवायला इथे आणायचो. या बाईंनी माझ्या एका विद्यार्थिनीला विश्वासानं एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट खरी होती. ती मी लिहून घेतली आणि ऑफिसात जाऊ दिली.”

“काय म्हणते वं हा?” एकीनं दुसरीला विचारलं.

“गप राय,” शांताबाई म्हणाली. “अजून सांगून राहिले ते. अन् त्या पोट्टीनं काहून लिहिलं मास्तर? मी नोको म्हटलं होतं तिले.”

सुशीलानं मला बजावलं होतं. पण हे शांताबाई विचारत होती, आणि उत्तर माझंच होतं.

“ती नाही म्हणाली होती. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं, तिच्या जातीवरून बोललो, आणि तिला मोडलं. मग तिनं लिहिलं. ते वाचलं तर तुमचा भासरा सही करणार नाही, असं त्या कागदावरच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचून तो कागद पाठवला. नंतर काय झालं ते कळल्यावरही मी तुमच्या वॉर्डाकडे वळलो नाही. तुम्ही खोट्या नव्हतात. तुम्ही बऱ्या होतात आणि घरी जायला निघाला होतात. तुम्ही इथे राहिलात ते माझ्यामुळे. शांताबाई, मी तुमची माफी मागतो.”